टाकी जमिनीवर, गाडी रस्त्यावर: स्मोकी युनिक आणि रूलबुकमधली रिकामी जागा

ज्यांना या वेळचा एपिसोड ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी ही नेहमीप्रमाणे लेखी आवृत्ती. विषय आहे जुन्या अमेरिकन स्टॉक कार रेसिंगमधली जुगाडं. गाड्यांमधलं काही कळत नसेल तरी वाचा, कारण मुळात ही गोष्ट नियम बनवणारे आणि नियमांचा कीस काढणारे यांच्यातली आहे.

सुरुवात त्या किश्शाने करतो, जो या विषयावर बोलणारा प्रत्येक माणूस सांगतो. साल १९६८, फ्लोरिडामधलं डेटोना. रेसच्या आधीचं इन्स्पेक्शन चाललंय. नॅसकारच्या इन्स्पेक्टरांनी एका काळ्या-सोनेरी शेव्हरोले शेव्हेलची पेट्रोलची टाकी काढून खाली ठेवलीय आणि गाडी बनवणाऱ्याच्या हातात नऊ चुकांची यादी दिलीय. हे सगळं दुरुस्त करून आण, मग रेसचं बघू. डोक्यावर हॅट, तोंडात पाइप असा तो माणूस यादी वाचतो, ‘दहा करा’ म्हणतो, गाडीत बसतो, स्टार्टर मारतो आणि गाडी घेऊन चक्क आपल्या गॅरेजला निघून जातो. टाकी तिथेच, जमिनीवर!

माणसाचं नाव स्मोकी युनिक. किस्सा खरा की खोटा? तिकडे येतोच, कॅलक्युलेटर घेऊन. पण त्याआधी ‘स्टॉक कार’ म्हणजे काय ते बघू, कारण सगळी मेख त्या शब्दात आहे.

स्टॉक म्हणजे शोरूममध्ये मिळते तशी गाडी. तुम्ही-आम्ही विकत घेतो तीच, जशीच्या तशी, ट्रॅकवर. नॅसकारची स्थापना झाली १९४८ मध्ये आणि १९ जून १९४९ला शार्लट इथे त्यांची पहिली ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ रेस झाली. नावातच ‘स्ट्रिक्टली’. आणि त्या पहिल्याच रेसमध्ये काय झालं माहितीये? पहिला आलेला ड्रायव्हर बाद!

ग्लेन डनअवे नावाचा हा गडी एक जुनी फोर्ड चालवत होता. रेस संपल्यावर तपासणी झाली तेव्हा कळलं की मागच्या स्प्रिंगमध्ये बदल केलाय. बदल रेससाठी केलेलाच नव्हता! ती गाडी हातभट्टीची दारू वाहणारी होती. अमेरिकेच्या दक्षिणेत तेव्हा हा मोठा धंदा. डिकीत दारूचं वजन भरलं की गाडीचं बूड खाली बसतं आणि पोलिसांना लांबूनच कळतं, म्हणून मागच्या स्प्रिंग कडक करायच्या. तीच कडक स्प्रिंग वळणावर गाडीला धरून ठेवते. म्हणजे पोलिसांच्या हातावर तुरी देण्यासाठी लावलेली युक्ती ट्रॅकवर पण चालली. बक्षीस गेलं दुसऱ्या नंबरच्या जिम रोपरला. डनअवेच्या गाडीचा मालक कोर्टात गेला, पण केस टिकली नाही. रूलबुक आणि पळवाट ही जोडी नॅसकारमध्ये पहिल्या दिवसापासून आहे, ती अशी.

आता स्मोकी. खरं नाव हेन्री युनिक, जन्म १९२३चा. शाळा अर्धवट सोडलेली. तरुणपणी शर्यतीत चालवायची मोटरसायकल धूर फार सोडायची, म्हणून ‘स्मोकी’ नाव पडलं. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बर विमानाचा पायलट होता. हे विमान लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. युद्ध संपल्यावर डेटोना बीचला गॅरेज टाकलं आणि बोर्डवर लिहिलं, ‘बेस्ट डॅम गॅरेज इन टाउन’. नम्रता हा गुण त्याच्याकडे नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याला त्याची गरजही नव्हती.

सुरुवातीची वर्षं हडसन हॉर्नेटची. ‘कार्स’ सिनेमा पाहिलाय ना? त्यातला म्हातारा डॉक हडसन ही तीच गाडी. आणि ‘कार्स ३’ मधला स्मोकी नावाचा जुना ट्रक तो आपला हाच माणूस. हॉर्नेटमध्ये सहा सिलिंडरचं इंजिन होतं, समोर आठ सिलिंडरवाल्या गाड्या. पण हडसनच्या गाडीची फरशी चेसिसच्या पट्ट्यांच्या वर न ठेवता त्यांच्या मध्ये खाली बसवलेली होती, त्यामुळे पूर्ण गाडीचं वजन जमिनीच्या जवळ. वळणावर इतर गाड्या डोलायच्या, ही चिकटून जायची. १९५२ मध्ये नॅसकारच्या ३४ पैकी २७ रेस हडसनने जिंकल्या. अशा चांगल्या पायावर स्मोकीसारखा मेकॅनिक बसला की काय होतं ते हर्ब थॉमसने दाखवलं. दोनदा चॅम्पियन, १९५१ आणि १९५३.

स्मोकीची रूलबुक वाचायची पद्धत एका वाक्यात सांगता येते. जे लिहिलेलं नाही, ते चालतं. आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. क्लायंट स्पेक लिहितो, त्यात फॉर्मच्या एका रकान्याची मर्यादा लिहितो आणि शेजारच्या रकान्याची विसरतो. कोणीतरी टेस्टर बरोबर त्याच रकान्यात आख्खी कादंबरी पेस्ट करतो.

पेट्रोलच्या टाकीचं तसंच. रूलबुकात लिहिलं होतं की टाकी २२ गॅलनची, म्हणजे साधारण ८३ लिटरची असावी. टाकीपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या नळीबद्दल काहीच नव्हतं. मग स्मोकीने म्हणे ११ फूट लांबीची, २ इंच जाडीची नळी बसवली आणि त्यात जास्तीचं ५ गॅलन पेट्रोल मावलं. म्हणून टाकी काढली तरी गाडी चालली. हा किस्सा वर्षानुवर्षं असाच सांगितला जातो, याच आकड्यांसकट.

मी बीटेक करून एवढं तरी शिकलोय की आकडे आले की गुणाकार करून बघायचा. चला करू. नळीची आतली जाडी ५ सेंटिमीटरच्या जरा वर, लांबी ३३५ सेंटिमीटर. गोल छेदाचं क्षेत्रफळ गुणिले लांबी. उत्तर येतं ६.८ लिटर. गॅलनमध्ये १.८. पाच नाही! पाच गॅलन मावायला ती नळी जवळजवळ साडेतीन इंच जाड पाहिजे. तो पेट्रोल पाइप नाही राहिला, ते बाथरूमचं ड्रेनेज झालं.

म्हणजे किस्सा खोटा? थांबा, इथे मजा आहे. पाच गॅलन खोटं निघालं तरी गाडी गॅरेजपर्यंत जाणं खोटं ठरत नाही. ही रेसची इंजिनं गॅलनला चारेक मैल द्यायची. १.८ गॅलन म्हणजे अकरा-साडेअकरा किलोमीटर. आणि स्पीडवेपासून त्याचं गॅरेज काही मैलांवर, त्याच गावात. निवांत पोचेल. साध्या अर्ध्या इंची नळीत जेमतेम अर्धा लिटर मावतं, त्याच्या तुलनेत ६.८ लिटर म्हणजे चैन. डेटोनाचा एक लॅप ४ किलोमीटरचा, म्हणजे रेसमध्ये दोन-तीन लॅप जास्तीचे. तुमचा प्रतिस्पर्धी पेट्रोल भरायला पिटमध्ये शिरतोय आणि तुम्ही अजून पळताय.

दुसरी एक दंतकथा बास्केटबॉलची. टाकीत फुगवलेला बास्केटबॉल ठेवायचा, इन्स्पेक्टर टाकी भरून मोजतो, माप बरोबर येतं. नंतर बॉलमधली हवा काढून टाकायची. तोही हिशोब केला. बास्केटबॉलचं आकारमान ७.१ लिटर. म्हणजे नळी काय नि बॉल काय, चोरी साधारण तेवढीच! यातलं काय खरं आणि काय पाइप ओढत रचलेलं, हा प्रश्न मी सोडून दिलाय. माझा संशय असा की स्मोकीला या गोष्टी पसरलेल्या आवडत असणार. इन्स्पेक्टर टाकीत डोकं घालून बसला की बाकीच्या गाडीकडे कमी बघतो.

आणि बाकीच्या गाडीत बघण्यासारखं बरंच होतं. जनरल मोटर्सने १९६३ मध्ये अधिकृतपणे रेसिंगमधून अंग काढून घेतलं होतं. फोर्ड आणि क्रायस्लर मात्र कारखान्याचा पैसा ओतून उतरले होते. १९६७च्या डेटोना ५०० मध्ये स्मोकीची ‘खासगी’ शेव्हेल या सगळ्यांच्या पुढे, पोल पोझिशनवर. ड्रायव्हर कर्टिस टर्नर, वेग ताशी १८०.८३१ मैल, म्हणजे २९१ किलोमीटर. सगळ्यांचे डोळे पांढरे. रेसमध्ये इंजिनाने दगा दिला हा भाग वेगळा, पण पोल तर पोल.

लोक म्हणायला लागले की याने आख्खी गाडीच सात अष्टमांश आकाराची बनवलीय, लहान गाडी म्हणजे हवेचा विरोध कमी. ही पण दंतकथाच, गाडी पूर्ण मापाची होती. त्याने केलेलं काम जास्त हुशारीचं होतं. बॉडी चेसिसवर थोडी मागे सरकवली, बंपर बॉडीला चिकटवून घेतले, गाडीचं पोट खालून गुळगुळीत केलं. आपण गाडी बघतो ती वरून आणि बाजूने. हवा मात्र खालूनही जाते, आणि तिथे एक्झॉस्ट, रॉड, खाचाखोचा यांच्यात अडकते. १९६०च्या दशकात पोटाखालच्या हवेचा विचार स्टॉक कारवाल्यांमध्ये फार कोणी करत नव्हतं.

यात स्मोकी एकटा नव्हता. ज्युनियर जॉन्सन घ्या. नॉर्थ कॅरोलिनातला, घरचाच हातभट्टीचा व्यवसाय, त्यापायी तुरुंगवारीही झालेली. १९६०च्या डेटोना ५०० ला त्याची शेव्हरोले पॉन्टिॲकपेक्षा स्पष्ट हळू होती. सरावात त्याच्या लक्षात आलं की वेगवान गाडीच्या अगदी मागे चिकटलं की आपली गाडीही तेवढीच पळते, कारण पुढची गाडी हवा कापून देते. सायकलवाल्यांना, एसटीच्या मागे बाइक लावणाऱ्यांना (लावू नका!) हे माहीत असतं. या युक्तीवर त्याने ती रेस जिंकली. यावर बंदी घालणार तरी कशी? गाडीत सापडण्यासारखं काही नव्हतंच.

सहा वर्षांनी याच जॉन्सनने कळस केला. ऑगस्ट १९६६, अटलांटा. त्याने आणलेली पिवळी फोर्ड गॅलॅक्सी बघून पिटमध्ये हशा पिकला. छत खाली दाबलेलं, काच तिरपी, नाक जमिनीकडे, शेपूट आकाशात. नावच पडलं ‘यलो बनाना’. शोरूममध्ये अशी फोर्ड जगात कुठेच नव्हती. तरी इन्स्पेक्शनमध्ये पास! कारण त्या वर्षी फोर्ड नॅसकारवर रुसून बाहेर पडली होती आणि बिल फ्रान्सला, म्हणजे नॅसकारच्या संस्थापक-मालकाला, ती परत हवी होती. स्टेडियम भरायचं तर फोर्ड पाहिजे. त्याच रेसमध्ये स्मोकीची शेव्हेलही सोडली गेली. केळं पुढे असतानाच भिंतीला धडकलं, ही त्यातली काव्यात्म बाजू. पण पळवाट फक्त मेकॅनिक शोधतात असं समजू नका. कधीकधी दारवानच दार उघडं ठेवतो.

एवढी शोभा झाल्यावर नॅसकारने टेम्प्लेट आणले. पत्र्याचे कापलेले साचे, ते गाडीच्या छतावर, बॉनेटवर ठेवायचे आणि फट दिसते का बघायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक बग सापडला की एक टेस्ट केस वाढते. नॅसकारचं रूलबुक जाड झालं ते असं, आणि त्यातल्या कित्येक ओळींमागे कोणाचं तरी नाव आहे, फक्त छापलेलं नाही.

मग खेळ आणखी आत शिरला. किमान वजनाचा नियम होता, तर चेसिसच्या पोकळ पट्ट्यांमध्ये शिशाच्या गोळ्या भरायच्या, वजनकाट्यावर पास व्हायचं आणि रेस सुरू होण्याआधीच्या हळू फेऱ्यांमध्ये एक खटका ओढून गोळ्या ट्रॅकवर सांडायच्या. डॅरेल वॉल्ट्रिपने हे नंतर स्वतःच हसत हसत सांगितलंय. १९७६च्या डेटोनाला वॉल्ट्रिप आणि ए. जे. फॉइट यांच्या पात्रता फेरीच्या वेळा रद्द झाल्या, आरोप नायट्रस ऑक्साइड वापरल्याचा. आणि पुढे, १९९०च्या दशकात, नॅसकारने इन्स्पेक्शनच्या प्रमुखपदी कोणाला बसवलं? गॅरी नेल्सनला, जो आधी अशाच करामतींसाठी प्रसिद्ध असलेला क्रू चीफ होता. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं आपण म्हणतो. इथे मात्र ते चाललं. गोळ्या कुठे लपवतात हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार?

इथपर्यंत सगळं मजेत चाललंय. आता परत त्या टाकीकडे येतो, कारण ज्या साली तो किस्सा घडला म्हणतात, त्याच्या चार वर्षं आधी काय झालं होतं ते सांगितल्याशिवाय हा एपिसोड अर्धवट राहील.

ग्लेन ‘फायरबॉल’ रॉबर्ट्स. टोपणनाव शाळकरी वयात बेसबॉल फेकण्यावरून पडलेलं, आगीशी काही संबंध नाही. स्मोकीचा ड्रायव्हर आणि जवळचा मित्र. १९६२चा डेटोना ५०० त्याने स्मोकीच्या काळ्या-सोनेरी पॉन्टिॲकमध्ये जिंकला, नंबर २२. नंतर तो फोर्डकडे गेला. २४ मे १९६४, शार्लटची वर्ल्ड ६००. सातव्या लॅपला पुढच्या दोन गाड्या एकमेकींना लागल्या, त्यांना चुकवताना रॉबर्ट्सची गाडी भिंतीवर आदळून उलटली आणि पेट्रोलने पेट घेतला. नेड जॅरेट, जो स्वतः त्या अपघातात होता, धावत गेला आणि त्याने रॉबर्ट्सला बाहेर ओढलं. भाजल्यामुळे तो सव्वा महिना हॉस्पिटलमध्ये होता. २ जुलैला गेला. वय ३५.

त्या काळी स्टॉक कारची टाकी म्हणजे खरोखर स्टॉक, मागच्या बाजूला लावलेला पत्र्याचा डबा. आपण रस्त्यावर ऐंशीने जातो त्या गाडीचा डबा, ताशी अडीचशेच्या वेगाने भिंतीवर आदळणाऱ्या गाडीत. ‘स्ट्रिक्टली स्टॉक’चा हा दुसरा अर्थ. वेग वाढवण्यासाठी प्रत्येकाने नियमातली फट शोधली, पण टाकी फुटू नये यासाठी कोणाला काही शोधावंसं वाटलं नव्हतं, कारण त्याने लॅप टाइम कमी होत नाही.

उपाय नवीन होता असंही नाही. बी-१७ बॉम्बरमध्ये गोळी लागली तरी स्वतःच भोक बुजवणाऱ्या, रबराचं अस्तर असलेल्या टाक्या होत्या. स्मोकी अशाच पेट्रोलवर बसून युद्धात उडाला होता. रॉबर्ट्सच्या मृत्यूनंतर फायरस्टोनने रेसिंगसाठी ‘फ्युएल सेल’ आणला. पत्र्याच्या पेटीत मजबूत रबराची पिशवी, आत स्पंज. आदळली तर वाकते, पटकन फाटत नाही, आणि फाटलीच तर पेट्रोल भसकन बाहेर येत नाही. काही वर्षांत तो सगळ्या गाड्यांमध्ये आला.

आणि म्हणून २ इंची नळीचा तो किस्सा आता मी पूर्वीसारखा हसत नाही ऐकत. टाकी तर सुरक्षित झाली, पण ६.८ लिटर पेट्रोल भरलेली साधी नळी ड्रायव्हरच्या बुडाखालून जातेय. हे करणारा माणूस तोच, ज्याचा मित्र आगीत गेला. एकाच डोक्यात या दोन गोष्टी कशा राहिल्या असतील? स्मोकीला बेफिकीर म्हणून मोकळं होता येत नाही, कारण सुरक्षेबद्दल त्याच्याइतकी कटकट नॅसकारकडे फार थोड्यांनी केली. पण त्याने रेस जिंकण्याची हौसही सोडली नाही. मला वाटतं स्पर्धेत असंच होतं. दुसऱ्याच्या धोक्याबद्दल आपण अगदी कळकळीने बोलतो आणि आपल्या नळीचा हिशोब वेगळ्या वहीत ठेवतो.

त्याच्या कटकटीचं सगळ्यात ठळक उदाहरण भिंतीचं. ट्रॅकच्या कडेला काँक्रीटची भिंत असते. गाडी आदळली की भिंत हलत नाही, म्हणजे सगळा मार गाडी आणि माणूस खाणार. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला स्मोकीने सुचवलं की प्लायवुडच्या दोन थरांमध्ये जुने टायर भरून भिंतीसमोर लावा, धडक बसली की ते दबतील. स्वस्त, साधं, आणि रेसिंगवाल्यांकडे जुन्या टायरची कमतरता कधीच नसते. नॅसकारने ते घेतलं नाही. बिल फ्रान्सशी त्याचे खटके उडतच होते, आणि १९७०च्या सुमारास तो नॅसकारमधून बाहेर पडला.

१८ फेब्रुवारी २००१. डेटोना ५००चा शेवटचा लॅप. डेल अर्नहार्ट, त्या काळचा सगळ्यात मोठा स्टार, काँक्रीटच्या भिंतीवर आदळून गेला. त्यानंतर चक्रं हलली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॅसकारने मान-डोकं धरून ठेवणारा पट्टा सक्तीचा केला. पुढच्या वर्षी मे महिन्यात इंडियानापोलिसच्या ट्रॅकवर नेब्रास्का विद्यापीठातल्या इंजिनियरांनी बनवलेली ‘सेफर बॅरियर’ बसली. स्टीलच्या चौकोनी नळ्या, मागे फोमचे ठोकळे, त्यामागे जुनी काँक्रीटची भिंत. गाडी आदळली की ती दबते. आज नॅसकारच्या मोठ्या ट्रॅकवर ती दिसते.

स्मोकी ती बघायला नव्हता. तो ९ मे २००१ला गेला, अर्नहार्टनंतर तीन महिन्यांच्या आत, आणि पहिली सेफर बॅरियर लागायच्या साधारण एक वर्ष आधी.